डावीकडे झुकलेल्या रेघा

कॅन्टीनच्या रांगेत एवांद्रोने खिशातून सुटे पैसे काढले आणि पैशांबरोबर धातूचा एक ठोकळाही बाहेर आला. अंगठ्याच्या नखाएवढा. तो फरशीवर दोनदा उडाला, रांगेतल्या तिघांच्या पायांमधून वाट काढत गेला आणि एका निळ्या कॅनव्हासच्या बुटाला अडून थांबला.

बूट जुसाराचा होता. तिने ठोकळा उचलला. कोणाचा म्हणून मान वर केली नाही, त्यावरून अंगठा एकदा उभा फिरवला, एकदा आडवा, आणि ठोकळ्यालाच सांगावं तसं म्हणाली, "लेझर फार तापवलाय."

एवांद्रो रांग सोडून पुढे आला. "न बघताच कळलं?"

"बघायचं काय त्यात... बोटाला लागतंय. आत भोकं असणार."

"भोकं नाहीत."

"पैज?"

"कशाची?"

"दोन पाओ जी केजो. गरम हवेत."

पैज एवांद्रो हरला. दुसऱ्या दिवशी चीजचे ते दोन गरम गोळे कागदी पिशवीत घालून तो तिच्या टेबलापाशी हजर झाला. भोकं सत्तावीस होती. तिने मोजून ठेवली होती.

टायटॅनियमची भुकटी पिठासारखी पातळ पसरायची, तिच्यावर लेझर फिरवायचा, वितळलेल्या थरावर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर... असा थरावर थर चढवत मोडक्या जबड्यात बसेल असा तुकडा घडवायचा, हे एवांद्रोचं संशोधन. साओ कार्लोससारख्या संशोधनाच्या गावात असलं काहीतरी करणारा माणूस दर तिसऱ्या घरात सापडतो, त्यामुळे त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. अडचण भोकांची. आत भोकं राहिली तर तुकडा माणसाच्या तोंडात तुटणार. ती दिसायची तर ठोकळा कापायचा, राळेच्या चकतीत बसवायचा आणि फिरत्या तबकडीवर पाण्याखाली घासायचा. आधी खरखरीत कागदावर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी कापडावर. आरसा होईपर्यंत. मग सूक्ष्मदर्शक.

हे घासायचं काम जुसाराचं. प्रयोगशाळेत डॉक्टर पुष्कळ, घासणारी एक.

तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. तंत्रशाळेतून निघाली आणि थेट या टेबलाशी आली. तिच्या आधी काम करणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला. पहिल्या वर्षी तिने तीनशे नमुने बिघडवले. ज्याला शिकवणारं कोणी नसतं त्याला आधी स्वतःच्या चुका ओळखू येतात, मग स्वतःचा हात, आणि मग हळूहळू दुसऱ्यांचेही हात. पंचवीस वर्षांच्या त्या मुलीला कोणी कधी स्वतः घासून आणलेल्या नमुन्यावरच्या रेघा बघून सांगता यायचं, की हा घाईत होता, हिचं भांडण झालेलं दिसतंय, याला भूक लागली होती.

एवांद्रो दर बुधवारी येऊ लागला. एका हातात नमुने, दुसऱ्यात कागदी पिशवी. दीड वर्ष.

"या आठवड्यात माझे ठोकळे शहाण्यासारखे वागलेत."

"मालकावर गेले नाहीत म्हणायचे."

"मालक काय वाईट आहे?"

"मालक अजून कापून बघितला नाही... काय सांगू."

हे सगळं मान खाली घालून. नळाची बारीक धार, तबकडीची घरघर, आणि त्यातून त्याच्या हसण्याचा आवाज. तो वाकून उभा राहिला की साबणाचा आणि तापल्या धातूचा वास यायचा. एकदा तो अगदी कानाजवळ हसला आणि तिच्या बोटांचा दाब हलला. नमुन्यावर खोल ओरखडा पडला. पुन्हा पहिल्या कागदापासून सुरुवात करावी लागली. वीस मिनिटं जास्त गेली. दोघांपैकी कोणीच तक्रार केली नाही.

मोठ्या सूक्ष्मदर्शकावर बसणारी मार्ली हे सगळं काचेतून बघत असे. तिचं म्हणणं, नमुने बाकीच्यांचेही असतात, पण बाईचा हात असा हळुवार एकाच्याच ठोकळ्यावर फिरतो. जुसारा म्हणायची, टायटॅनियम मऊ असतं, जपावं लागतं. मार्ली म्हणायची, हो, टायटॅनियमच.

मार्चमध्ये लुसिला आली.

अर्जेंटिनातली, कोर्दोबाची. डॉक्टर. सहा महिन्यांसाठी. लेझरखाली उष्णता कुठून कुठे पळते याची गणितं ती संगणकावर मांडायची. तिच्या बोलण्यात स्पॅनिशची फोडणी होती, ती सगळ्या मजल्याला गोड लागली. जुसाराला मात्र भातात खडा लागावा तशी लागली. त्यात लुसिलाला सवय अशी, की बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायचा. सगळ्यांच्याच लावायची, हे मार्लीने लगेच स्पष्ट केलं. पण जुसाराने पाहिलेलं कोपर एकच होतं.

कॅन्टीनमध्ये ती दोघं एका टेबलाशी बसून कागदावर काहीतरी रेखाटत असत. तो हसला की जुसाराच्या हातातल्या कॉफीची चव जाई. आपण कोण... हा प्रश्न तिला त्या दिवसांत पहिल्यांदा पडला. लेखांवर नावं छापून येतात ती डॉक्टरांची. तिचं नाव शेवटच्या ओळीत, आभारात, वीज गेल्यावर जनरेटर देणाऱ्या खात्याच्या शेजारी. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता एकदम सगळंच वाटायला लागलं.

आणि मग एका बुधवारी एवांद्रो आलाच नाही.

गुरुवारी मार्लीच्या टेबलावर त्याचा ट्रे होता. तीन नमुने, आणि जुसारासाठी चिठ्ठी: 'फक्त तपासून सही कर. घासायची गरज नाही.'

जुसाराने चिठ्ठी दोनदा वाचली. घासायची गरज नाही, म्हणजे घासून झालंय. म्हणजे घासणारं दुसरं कोणीतरी आहे.

तिने पहिली चकती छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच असते, आणि ती अंगठ्याखाली धरायची हा इथला रिवाज. त्यामुळे शेवटच्या बारीक रेघा पुसायच्या राहिल्या, तर उजव्या हाताच्या माणसाच्या त्या उजवीकडे कलतात, लिहिलेल्या अक्षरांसारख्या. काचेखाली रेघा होत्या. पुष्कळ होत्या. आणि सगळ्या डावीकडे झुकलेल्या.

त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये लुसिलाने कॉफीत साखर घातली आणि ढवळली. डाव्या हाताने. मग पेन काढून कसलंसं समीकरण लिहिलं. डाव्या हाताने. तिच्या तळव्याची कड शाईने निळी झालेली होती.

पुरुष दुसरीशी हसतो बोलतो, ते एकवेळ गिळता येतं. पण दुसरीच्या हातून नमुने घासून घेतो...

प्रत्येक ट्रेबरोबर एक कार्ड असतं. त्यावर जुसारा 'ठीक' किंवा 'परत' लिहून सही करते. 'ठीक' नसेल तर मोठ्या सूक्ष्मदर्शकावर नंबर नाही, आणि नंबर पंधरा दिवसांतून एकदा. आणखी तीन विभाग त्याच यंत्राच्या रांगेत. तिने कार्डावर लिहिलं: 'परत.'

खोटं काही नव्हतं त्यात. दाब इतका जास्त होता की मऊ टायटॅनियम लोण्यासारखं पसरून भोकांवर बसलं होतं. पण दुसऱ्या कोणाचा ट्रे असता तर ती पुटपुटत का होईना, स्वतःच वीस मिनिटांत दुरुस्त करून मोकळी झाली असती. हे तिला ठाऊक होतं. मार्लीलाही.

दुसऱ्या दिवशी एवांद्रोने तिला जिन्यात गाठलं. काय चुकलं म्हणून विचारलं.

"ज्याने घासलंय त्यालाच विचार की."

एवांद्रोचे कान लाल झाले. अगदी पाळीपर्यंत. तो काहीतरी बोलणार होता, ते त्याने गिळलं, आणि म्हणाला, "कार्डावर जरा नीट लिहून देशील? म्हणजे... पुढच्या वेळी सुधारता येईल."

ते लाल कान जुसाराने घरापर्यंत नेले. वर पाहुणीला धडे मीच द्यायचे! बसमध्ये तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि उतरायचा थांबा मागे गेला.

पंधरा दिवसांनी दुसरा ट्रे आला. तसाच, डावीकडे झुकलेला. 'परत' लिहून ती थांबली. चुकीचं काम नुसतं परत पाठवायचं, का ते सांगायचं नाही, हे तिच्याच्याने होईना. तीनशे नमुने आपण अंधारात बिघडवले होते, तेव्हा कोणी एक ओळ लिहून दिली असती तर... तिने पेन दाबून लिहिलं: 'कडेला दाब कमी. चकती बोटांनी धरा, मुठीने नको.'

तिसऱ्या ट्रेमध्ये कडा सरळ होत्या.

जुसारा बराच वेळ काचेवर डोळा लावून बसली. म्हणजे वाचतेय. वाचून करतेय. रेघा मात्र अजून राहिल्या होत्या. तिने लिहिलं: 'परत. कागद बदलताना चकती आणि हात धुवा. मागच्या कागदाची वाळू पुढच्यावर येते.' जरा वेळाने, स्वतःवरच चिडत, खाली आणखी एक ओळ: 'घाई नको. शेवटचं कापड मोजून चार मिनिटं.'

"चार मिनिटं?" मार्लीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हे तर तू मलाही कधी सांगितलं नाहीस. सवतीची शिकवणी लावली आहेस का?"

"काम नीट व्हावं एवढंच."

"हो. आणि फी उलटी तूच देतेस तिला, एवांद्रोची?"

चेष्टा खरी निघते तेव्हा हसू येत नाही. कारण खरं हेच होतं, की प्रत्येक ओळीबरोबर ती त्या डाव्या हाताला स्वतःची जागा देत होती. हात चांगला होता बयेचा. चिकाटी होती, लाज होती, सांगितलेलं ऐकायची रीत होती. दुसऱ्या कोणत्याही परिस्थितीत जुसाराला ती आवडली असती.

एवांद्रो आता बुधवारी येत नव्हता. जिन्यात भेटला की हसायचा, थांबायचा, काहीतरी सांगायचं आहे असं तोंड करायचा; आणि तिच्या तोंडाकडे बघून पुढे जायचा.

चौथा ट्रे जूनमधल्या एका शुक्रवारी आला. बारा नमुने. सोमवारी दुपारी दोनला त्याचा नंबर होता. तो चुकला तर जुलैभर यंत्र दुरुस्तीसाठी बंद, आणि ऑगस्टमध्ये बाहेरगावचे प्राध्यापक त्याचा प्रबंध तपासायला येणार. या बाराशिवाय प्रबंध नाही. प्रबंध नाही तर सगळं पुढच्या वर्षावर.

जुसाराने पहिला बघितला. दुसरा. मग बाराही. भोकं उघडी, कडा सरळ, रेघ शोधून सापडेना. फक्त सातव्यावर, खाचेपाशी, एक केसासारखी ओळ डावीकडे झुकलेली. एवढीच.

आरसा झाला होता. 'ठीक' लिहायचं, सही करायची, आणि मग एवांद्रोला या टेबलाशी यायचं कारण उरणार नाही. आत्ता नाही, कधीच नाही.

तिने पेन उचललं. एक शब्द लिहिला: 'परत.'

"बघू," मार्ली म्हणाली. तिने एक चकती उजेडाकडे धरली, मग जुसाराकडे पाहिलं. "नक्की?"

"लिहिलंय ना."

चार वर्षांत जुसारा नमुन्याबद्दल कोणाशी खोटं बोलली नव्हती. शनिवारी ती मावशीकडे जेवायला गेली. मावशीने तीनदा विचारलं, बीन्सच्या रश्श्यात मीठ कमी पडलं का. रविवारी तिने कपडे धुतले, इस्त्री केली, इस्त्री केलेले पुन्हा धुतले. मत्सर माणसाला काहीही करायला लावतो हे तिने ऐकलं होतं, पण त्यानंतर रविवार इतका लांबतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बारीक भुरभुर चालू होती. साडेअकरा वाजता ती लुसिलाच्या दारात उभी राहिली. येताना सगळ्या वाटेवर वाक्य जुळवलं होतं, मुद्दाम आदरार्थी.

"डॉक्टर, शुक्रवारी मी तुमचे नमुने परत केले. ते चांगले होते. चूक माझी आहे... तुमच्या हाताची नाही."

लुसिलाने पडद्यावरून मान वळवली. "माझे कुठले नमुने?"

"तुम्ही घासलेले. एवांद्रोचे."

लुसिलाने दोन्ही हात पुढे केले. लांब, लाल रंगवलेली नखं. शाईची कड. "मी गेल्या दहा वर्षांत धातूला हात लावलेला नाही. शिकत होते तेव्हा एक नमुना घासला, तो उडून सरांच्या कपाळाला लागला." मग ती थांबली. जुसाराचा चेहरा तिने नीट वाचला असावा, कारण आवाज उतरला. "एवांद्रो सोमवारी, गुरुवारी जेवायच्या सुट्टीत गायब होतो. मी समजत होते, तुझ्याकडे येतो."

"माझ्याकडे?"

"खरं सांगू? मला तुझा राग यायचा." लुसिला किंचित हसली, आणि त्या हसण्यात नुसतं हसू नव्हतं. "माझ्याशी गणितं बोलतो आणि मध्येच म्हणतो, जुसारा असती तर बोट फिरवून सांगितलं असतं. सारखं तेच. आज तर सकाळपासून जुन्या वर्कशॉपमध्ये बसलाय, बारा नमुने घेऊन. पुन्हा पहिल्यापासून घासतो म्हणाला."

पहिल्यापासून. म्हणजे सगळ्यात खरखरीत कागद. म्हणजे बारा आरसे...

जुसारा धावली. छत्री लुसिलाच्या दाराशीच राहिली. निलगिरीच्या झाडांखालून चिखल तुडवत, जुन्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या दारापर्यंत.

आत जुनाट तबकडी घरघरत होती. शेजारी स्टुलावर सेउ आनिबाल, म्हणजे आनिबालराव, थर्मासमधून कॉफी ओतत होते. तिच्या आधी त्या टेबलावर असलेला निवृत्त माणूस तो हाच. तिची त्यांच्याशी ओळख रामराम करण्यापुरती. बायको घरात टिकू देत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा इथे येऊन बसतात, एवढंच तिला माहीत. कॉफी ते डाव्या हाताने ओतत होते.

आणि तबकडीपाशी, ओणवा, जीभ दातांत धरून, एवांद्रो. चकती डाव्या हातात.

"थांब," जुसारा म्हणाली. "घासू नकोस. चांगले आहेत ते."

त्याने मान वर केली. तीन नमुने खरवडून झाले होते, हातातला चौथा अजून कागदाला टेकायचा होता. "तू 'परत' लिहिलंस."

"खोटं लिहिलं."

तबकडी फिरत राहिली. सेउ आनिबालनी पेला खाली ठेवला, पाऊस बघून येतो म्हणाले, आणि पाऊस खिडकीतून दिसत असताना बाहेर गेले.

"मला वाटलं, लुसिलाने घासलेत," जुसारा म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर थांबणं अवघड होतं. "रेघा डावखुऱ्या होत्या. ती डावखुरी. मी पहिल्या दिवसापासून जळतेय. पहिले तीन ट्रे खरंच वाईट होते, पण चौथा... चौथा चांगला होता आणि मला तो बघवला नाही."

एवांद्रोने नळ बंद केला. जुसाराने त्याला रागावलेला कधी पाहिला नव्हता. रागावला की तो अगदी हळू बोलतो, हे तिला आत्ता कळलं.

"सगळ्या इमारतीत एका गोष्टीवर मी कधी शंका घेतली नाही. तुझ्या कार्डावर. मी काल दिवसभर ते बारा नमुने डोळ्यांपुढे आणत होतो. काय चुकलं असेल... मला दिसेना, म्हणजे माझीच नजर कच्ची."

"माहीत आहे."

"माझा प्रबंध गेला असता, जुसारा."

"माहीत आहे मला. म्हणून तर पळत आले."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. नऊ नमुने शाबूत, तीन खरवडलेले. तिने ओले केस मागे बांधले, बाह्या सरसावल्या आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. "दोनला नंबर आहे. रागव, पण घासता घासता रागव."

त्याने एक चकती तिच्यापुढे सरकवली. दुसरी स्वतः घेतली. एकच तबकडी, तिचा उजवा हात, त्याचा डावा. दोघांची मनगटं शेजारी शेजारी, त्याच पाण्याखाली. एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना दोघांनी एकदमच हात धुतले. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. नखांमधली वाळूसुद्धा तो काढत होता.

"तू तर उजव्या हाताने लिहितोस," ती म्हणाली.

"हो."

"मग हे डाव्याने का?"

त्याने उत्तर द्यायला एक अख्खा कागद घेतला. "सेउ आनिबालनी जसं दाखवलं तसं केलं. मी टिपून घेत होतो ना... पाणी किती, कागद कोणता, हात डावा. मला वाटलं, तेही पद्धतीतच असेल."

"पद्धतीत?"

"पहिल्या महिन्यात चमचासुद्धा धरता येत नव्हता मला त्या हाताने."

जुसाराला हसू आलं. त्याच्यामागून रडू येत होतं, ते तिने कसंबसं थोपवलं. डॉक्टर होऊ घातलेला माणूस, वहीत लिहितो: हात डावा.

"पण का?" ती म्हणाली. "मी होते की घासायला. दीड वर्ष मीच करत होते."

"तेच तर." आता कान पुन्हा लाल. "दीड वर्ष मी आलो की तुझी मान खाली. काम असायचं. मी दर वेळी काम घेऊनच यायचो, दुसरं कारण सुचायचंच नाही. तुझा भांग मला पाठ आहे, जुसारा. तो डावीकडे जरा वाकतो, ते सांगू शकतो मी. पण तू हसतेस तेव्हा डोळे कसे होतात... ते मला माहीत नाही."

तबकडी घरघरत होती. पाण्याची धार दोन्ही हातांवर पडत होती.

"म्हटलं, घासायला शिकावं. म्हणजे एकदा तरी रिकाम्या हाताने तुझ्याकडे येता येईल."

जुसाराने मान वर केली नाही. केली असती तर नमुना गेला असता, आणि आज एकही नमुना घालवायचा नव्हता. तिने फक्त चकती उजव्यातून डाव्या हातात घेतली, ओली बोटं त्याच्या मनगटावर टेकवली आणि दाब जरा कमी केला. "एवढा नको. आता कापड. चार मिनिटं."

"मोजून?"

"मी मोजते," ती म्हणाली. हात तिथेच राहिला.

दोनला पाच मिनिटं कमी असताना मार्लीपुढे बारा नमुने होते. आणि कार्ड. त्यावर शुक्रवारच्या 'परत'खाली जुसाराने सगळ्यांसमोर, ठळक अक्षरांत लिहिलं: 'वरचा शेरा चुकीचा. नमुने त्या दिवशीही ठीक होते. चूक नमुन्यांची नव्हती, माझी होती.' खाली पूर्ण नाव, सही. कार्ड फाइलमध्ये जातं, फाइल विभागप्रमुख बघतात. बघू देत.

मार्लीने वाचलं. तिने पहिली चकती यंत्रात सरकवली आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी विभागप्रमुखांनी जुसाराला बोलावून विचारलं, हे काय. तिने जे होतं ते सांगितलं, एक कारण वगळून. त्यांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर सही करायचा अधिकार जाईल. तिने ते मान्य केलं. तिला ते रास्तच वाटलं.

बुधवारी तिच्यासमोर दुसऱ्या कोणाचा तरी पोलादाचा नमुना होता. पावलं ओळखीची होती. मग ती पावलं टेबलापाशी आली आणि तिथे काहीच ठेवल्याचा आवाज आला नाही.

जुसाराने तबकडी थांबवली. नळ बंद केला. हात पुसले, मग पुन्हा पुसले, कारण पुसून झाल्यावर करायचं काय ते ठरलेलं नव्हतं. आणि मग तिने मान वर केली.

एवांद्रो हात मागे बांधून उभा होता, तोंडी परीक्षेला आल्यासारखा. त्याची एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर होती. डोळे तिला वाटले होते तसे काळे नव्हते, मधासारखे होते. आणि हनुवटीखाली, बारीक, जुनी, एक खूण.

दीड वर्षात तिला ती दिसलीच नव्हती. तिने अंगठा त्या खुणेवर हलकेच फिरवला. एकदा उभा, एकदा आडवा.

"हे केव्हाचं?"

"सातव्या वर्षीचं. सायकल, उतार आणि एक कोंबडी," एवांद्रो म्हणाला. "गोष्ट लांब आहे."

जुसाराने दुसरं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"सांग," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "सावकाश सांग."